शिरेतून लॅसिक्स दिल्यावर कानाला दडे: वेग किती ठेवावा, धोका कुणाला?

वॉर्डसिस्टर

आयसीयू आणि डायलिसिसमध्ये काम करणाऱ्यांना विचारायचे आहे. फ्युरोसेमाइड (लॅसिक्स) या लघवी वाढवणाऱ्या औषधाची ऑर्डर बहुतेक वेळा "लॅसिक्स ८० मिग्रॅ आयव्ही स्टॅट", म्हणजे शिरेतून ताबडतोब, एवढीच असते. किती मिनिटांत द्यायचे ते कुठेच लिहिलेले नसते. २०-४० मिग्रॅला कुणी तक्रार करत नाही. पण १२० किंवा २०० मिग्रॅ गेल्यावर काही पेशंट, त्यातही क्रिएटिनिन वाढलेले (किडनी कमी काम करणारे), अर्ध्या तासाच्या आत सांगतात की कानाला दडे बसले, शिटी वाजतेय, समोरचा बोलतो ते नीट कळत नाही. डॉक्टरांना कळवले की "उतरेल" म्हणतात, आणि बहुधा उतरतेही.

मला नक्की माहिती हवी आहे ती अशी: हे होते कशामुळे? मिनिटाला किती मिग्रॅपेक्षा जास्त जाऊ देऊ नये? अ‍ॅमिकासिन हे प्रतिजैविक चालू असेल तर काय सांभाळायचे? आणि पेशंटने तक्रार केली तर "उतरेल" म्हणून सोडून द्यायचे, की काही तपासायचे?

औषधीमास्तर

ताई, आधी वेगाचे सांगतो, कारण तुमच्या हातात आहे तो तेवढाच.

मोठ्या डोसला कमाल वेग मिनिटाला ४ मिग्रॅ. क्रिएटिनिन ५ (मिग्रॅ/डेसिलिटर) च्या वर असेल तर मिनिटाला २.५ मिग्रॅ. ब्रिटिश माहितीपत्रकात हे दोन्ही आकडे स्पष्ट दिलेले आहेत. अमेरिकी माहितीपत्रक थोडे सैल आहे: फुप्फुसात पाणी भरलेल्या पेशंटला ४० मिग्रॅ एक ते दोन मिनिटांत द्यायला ते परवानगी देते, पण मोठ्या डोससाठी तेही ४ मिग्रॅवरच थांबते. माझे मत असे की श्वास अडकलेल्या, किडनी ठीक असलेल्या पेशंटला ४० मिग्रॅ दोन मिनिटांत द्यायला हरकत नाही. त्यापुढचे सगळे पंपावर.

पंपाचा हिशोब एकदाच बसवून ठेवा. अँप्यूलमध्ये मिलीला १० मिग्रॅ असते. ते नॉर्मल सलाईनमध्ये मिलीला ४ मिग्रॅ होईल असे पातळ करा. २०० मिग्रॅ म्हणजे २० मिली औषध आणि ३० मिली सलाईन, एकूण ५० मिली. १२० मिग्रॅ म्हणजे १२ मिली औषध आणि १८ मिली सलाईन. डोस कितीही असो, पंपाचा आकडा मग दोनपैकी एकच: साध्या पेशंटला ताशी ६० मिली, क्रिएटिनिन ५ च्या वर असेल तर ताशी ३७.५ मिली. पहिल्या वेगाने २०० मिग्रॅ जायला ५० मिनिटे लागतात, दुसऱ्याने ८०.

डेक्स्ट्रोजमध्ये मिसळू नका. हे औषध अल्कधर्मी द्रावणातच विरघळलेले राहते. पीएच ५.५ च्या खाली गेला की ते खाली बसते, नळीत पांढरे दिसते. म्हणूनच त्याच लाईनमध्ये मिडॅझोलम, डोब्युटामिन, अ‍ॅमिओडारोन, ऑन्डॅन्सेट्रॉन, जेंटामायसिन नको. वेगळी लाईन नसेल तर आधी आणि नंतर सलाईनने फ्लश. आणि शेवटचा फ्लश जोरात मारू नका. एक्स्टेन्शन लाईनमध्ये राहिलेले औषध त्या झटक्यात एकदम आत जाते.

वेगाला एवढे महत्त्व का, तर कानाला त्रास देते ती रक्तातली क्षणिक उंची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत युरेमियाच्या (किडनी निकामी होऊन रक्तात टाकाऊ द्रव्ये साचलेल्या) रुग्णांवर अभ्यास झाले. मिनिटाला २५ मिग्रॅ वेगाने मोठा डोस दिल्यावर बऱ्याच जणांची श्रवणशक्ती तात्पुरती घसरली. तसाच डोस सावकाश दिला तेव्हा ती घसरली नाही.

शंखिका

"कशामुळे" याचे उत्तर मी देते. आतल्या कानाच्या शंखासारख्या भागात, कॉक्लिआत, एंडोलिंफ नावाचा द्रव असतो. शरीरातल्या पेशींबाहेरच्या इतर द्रवांत सोडियम भरपूर आणि पोटॅशियम नगण्य असते. एंडोलिंफमध्ये उलटे: पोटॅशियम सुमारे १५० मिलिमोल, सोडियम एखादा मिलिमोल. शिवाय त्या द्रवावर +८० ते +९० मिलिव्होल्ट विद्युतदाब असतो. आवाजाने केसपेशींची (आवाज टिपणाऱ्या पेशींची) दारे उघडली की पोटॅशियम आत घुसते ते या दाबामुळे. दाब पडला की केसपेशी धडधाकट असूनही ऐकू कमी येते.

हा दाब टिकवते कॉक्लिआच्या बाहेरच्या भिंतीवरची पट्टी, स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिस. तिच्या पेशींच्या रक्ताकडच्या बाजूला एनकेसीसी१ हा वाहक बसलेला असतो. सोडियम, पोटॅशियम आणि दोन क्लोराइड तो एकत्र आत ओढतो. किडनीत हेन्लेच्या लूपमध्ये, म्हणजे नलिकेच्या वळणदार भागात, याचाच सख्खा भाऊ आहे, एनकेसीसी२. फ्युरोसेमाइड, टोर्सेमाइड, बुमेटॅनाइड, इथाक्रिनिक अ‍ॅसिड ही लूपवर काम करणारी औषधे या दोघांत फरक करत नाहीत. डॉक्टरांना बंद करायचा असतो किडनीतला, सोबत कानातलाही बंद होतो. स्ट्रियाला सूज येते, तिच्या बारीक रक्तवाहिन्यांतला प्रवाह मंदावतो, दाब कोसळतो. औषध रक्तातून उतरले की दाब परत चढतो. तक्रार बहुधा "उतरते" ती यामुळे.

कान आणि किडनीचे हे नाते जन्मजात आजारांतही दिसते. बार्टर सिंड्रोमच्या पहिल्या प्रकारात दोष एनकेसीसी२ मध्ये असतो. असे मूल लघवीतून मीठ गमावते, पण त्याला ऐकू नीट येते, कारण कानातला वाहक वेगळा आणि शाबूत. चौथ्या प्रकारात दोष बार्टिन या प्रथिनात असतो. किडनी आणि स्ट्रिया, दोन्हीकडच्या क्लोराइडच्या वाटा त्याच्यावर अवलंबून असतात. ते मूल मीठही गमावते आणि जन्मतः बहिरेही असते. औषधाच्या बाबतीत याचा अर्थ एवढाच की फक्त एनकेसीसी२ बंद करणारे औषध मिळाले तर कानाचा प्रश्न राहणार नाही. सध्या वापरातली या गटातली औषधे तशी नाहीत.

नेफ्रोवॉर्ड

दोन्ही उत्तरे छान. तुमच्या तक्रारी किडनी फेल्युअरच्या पेशंटमध्येच का येतात, ते मात्र नीट उलगडायला हवे. "किडनी खराब म्हणून औषध साचते" एवढ्यावर सोडले तर अर्धेच कळते.

फ्युरोसेमाइड किडनीवर रक्ताच्या बाजूने काम करत नाही. रक्तात ते ९५ टक्क्यांहून जास्त अल्ब्युमिनला चिकटलेले असते, त्यामुळे गाळणीतून जवळजवळ जातच नाही. नलिकेच्या सुरुवातीच्या भागातले सेंद्रिय आम्लांचे वाहक ते रक्तातून उचलून नलिकेच्या पोकळीत टाकतात, आणि एनकेसीसी२ वर ते पोकळीच्या बाजूने बसते. किडनी निकामी होत गेली की उचलणारे वाहक कमी, त्यात युरेमियातली आम्ले त्याच वाहकांसाठी भांडतात. औषध पोकळीत पोचत नाही, लघवी होत नाही, म्हणून आपण डोस वाढवतो. कानाला मात्र औषध थेट रक्तातून मिळते. म्हणजे किडनीपर्यंत थोडे पोचावे म्हणून वाढवलेला सगळा डोस कान भोगतो, आणि तोही जास्त वेळ, कारण अर्धायुष्य (रक्तातले औषध निम्मे व्हायला लागणारा वेळ) लांबलेले. एरवी ते दीड-दोन तासांचे असते. अल्ब्युमिन कमी असेल, नेफ्रोटिक (लघवीतून प्रथिने जाणारा) किंवा लिव्हरचा पेशंट असेल, तर मोकळे औषध आणखी वाढते.

म्हणून कमाल मर्यादा माहीत हवी. चांगल्या किडनीला शिरेतून ४० मिग्रॅच्या आसपास परिणाम शिगेला पोचतो. गंभीर किडनी फेल्युअरमध्ये ती मर्यादा १६० ते २०० मिग्रॅ. एका वेळी त्याच्या पुढे दिले तर लघवी वाढत नाही, फक्त रक्तातली पातळी वाढते. अशा वेळी डोस आणखी फुगवण्यापेक्षा मेटोलाझोनसारखे थायझाइड (वेगळ्या गटातले लघवीचे औषध) जोडणे किंवा वेळेत डायलिसिसला नेणे बरे. डोस पुरला का ते लवकर ठरवता येते: दोन तासांनी लघवीतले सोडियम ५०-७० च्या खाली, किंवा पहिल्या सहा तासांत ताशी १००-१५० मिलीच्या आत लघवी, म्हणजे पुरला नाही. तेव्हाच कळवा. रात्रभर थांबून सकाळी घाईघाईने ढकलला जातो तो डोस कानाला सगळ्यात वाईट.

ज्याची लघवी पूर्ण बंद आहे, त्या डायलिसिसच्या पेशंटला "बघू या" म्हणून २०० मिग्रॅ देण्यात काहीच हशील नाही. पोकळीत द्रवच वाहत नाही तर औषध काय करणार? कान तेवढा धोक्यात.

हृदयकप्पा

मग सरसकट सगळ्यांना सतत इन्फ्युजनच का लावू नये? रक्तातल्या पातळीचे टोक येणार नाही, कान सुरक्षित. आणि टोर्सेमाइडवर बदलले तर प्रश्नच मिटला ना?

नेफ्रोवॉर्ड

सतत इन्फ्युजनने टोक कमी राहते, हे बरोबर. पण आधी एक लोडिंग डोस (पातळी पटकन चढवणारा पहिला डोस) द्यावाच लागतो, नाहीतर पातळी चढायला तास जातात. तो लोडिंग डोस ढकलला तर कमावलेले सगळे तिथेच गेले. परिणामाचे म्हणाल तर २०११ च्या 'डोस' (DOSE) नावाच्या चाचणीत हार्ट फेल्युअरच्या रुग्णांमध्ये बोलस (एकदम दिलेले इंजेक्शन) आणि सतत इन्फ्युजन यांत लक्षणांच्या किंवा किडनीच्या बाबतीत ठळक फरक दिसला नाही. त्यामुळे साध्या पेशंटला ४० मिग्रॅ दोन वेळा सावकाश द्यायचे असतील तर पंप अडवून ठेवायची गरज नाही. मोठे डोस वारंवार लागत असतील तर जरूर लावा.

टोर्सेमाइडबद्दल: पोटातून ते ८० ते १०० टक्के शोषले जाते, फ्युरोसेमाइडचे सरासरी निम्मेच आणि तेही बेभरवशाचे. गोळीवर ठेवायला ते सोयीचे आहे. पण वाहक तोच, आणि कानात आवाज, ऐकू कमी येणे हे दुष्परिणाम त्याच्याही माहितीपत्रकात आहेत. बदलताना हिशोब चुकवू नका: फ्युरोसेमाइड तोंडाने ४० मिग्रॅ, शिरेतून २० मिग्रॅ, टोर्सेमाइड २० मिग्रॅ, बुमेटॅनाइड १ मिग्रॅ, हे साधारण समान. शिरेतले ४० बंद करून गोळीचे ४० सुरू केले तर डोस निम्मा होतो, सूज परत येते आणि पेशंट पुन्हा मोठ्या इंजेक्शनवर जातो.

औषधीमास्तर

यात एक भर. फाइलवर "सल्फा अ‍ॅलर्जी" दिसली की कुणीतरी इथाक्रिनिक अ‍ॅसिड सुचवते, कारण त्यात सल्फोनामाइड गट नाही. कानाच्या दृष्टीने या गटातले सर्वांत वाईट औषध तेच. त्याने बहिरेपण आल्याच्या नोंदी १९६५ पासून आहेत आणि काहींचे ऐकणे परत आले नाही. सल्फा प्रतिजैविकाने अंगावर पुरळ आलेल्या बहुतेकांना फ्युरोसेमाइड चालते, दोन्हींच्या रचनेत फरक आहे. खरी, गंभीर अ‍ॅलर्जी असेल तरच तो मार्ग.

वॉर्डसिस्टर

खूप स्पष्ट झाले, सर्वांचे आभार. अ‍ॅमिकासिनचे राहिले. दोन्ही एकाच वेळी लिहिलेले असतात. मध्ये काही तास अंतर ठेवले तर पुरते का?

शंखिका

ताई, या धाग्यात सर्वांत जास्त काळजीचा मुद्दा हाच आहे.

एकटे फ्युरोसेमाइड स्ट्रियाला थोड्या वेळापुरते बंद पाडते. अ‍ॅमिकासिन, जेंटामायसिन, कॅनामायसिन केसपेशी मारतात, आणि माणसात मेलेली केसपेशी परत येत नाही. एरवी रक्तातून आतल्या कानात जायला या प्रतिजैविकांना अडसर असतो. फ्युरोसेमाइडसारख्या लूप डाययुरेटिकने (लूपवर काम करणाऱ्या लघवीच्या औषधाने) स्ट्रिया सुजली की तो अडसर सैल पडतो आणि प्रतिजैविक एंडोलिंफमध्ये शिरते. तिथून केसपेशींच्या टोकावरच्या वाटेने आत. प्रयोगशाळेत प्राण्यांना पटकन बहिरे करण्यासाठी ही जोडीच वापरतात: कॅनामायसिनचा एक डोस, वर फ्युरोसेमाइड किंवा इथाक्रिनिक अ‍ॅसिड. एकेकटे देऊन त्या डोसला काही होत नाही, दोन्ही मिळून बाहेरच्या केसपेशींची रांग साफ होते.

माणसांतल्या अभ्यासांत चित्र इतके ठळक नाही, कारण वॉर्डातले डोस प्रयोगातल्यापेक्षा बरेच कमी असतात. म्हणून जीव वाचवायला दोन्ही लागत असतील तर दोन्ही द्यायचीच. अंतराबद्दल मात्र खोटा भरवसा नको. अ‍ॅमिकासिन रक्तातून गेले तरी आतल्या कानात कितीतरी जास्त काळ राहते. चार तासांचे अंतर ठेवले म्हणजे कान वाचला, असे होत नाही. कालच कोर्स संपला असेल तरी पेशंट जोखमीतच धरा. अंतर ठेवण्याचा फायदा एवढाच की दोन्हींची रक्तातली टोके एकावर एक येत नाहीत. तेवढा तरी घ्यावा.

राउंडला तुम्ही तीन गोष्टी विचारू शकता. प्रतिजैविक बदलता येईल का? अ‍ॅमिकासिनचा डोस आजच्या क्रिएटिनिनवर बसवला आहे का, की भरती झाल्या दिवशीच्या? ट्रफ पातळी (पुढच्या डोसच्या आधीची रक्तातली सर्वांत कमी पातळी) मागवली आहे का? आणि नातेवाइकांना विचारा की आईच्या बाजूला कुणाला इंजेक्शननंतर बहिरेपण आले होते का. मायटोकाँड्रियातला (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागातला) एक जनुकीय दोष आईकडून येतो. तो असेल तर नेहमीच्या डोसनेही कान जाऊ शकतात.

सिस्प्लॅटिन या कॅन्सरच्या औषधाच्या पेशंटलाही हेच लागू. केमोथेरपीच्या दिवशी लघवी वाढवायला फ्युरोसेमाइड लिहिलेले असेल तर ते खरोखर लागणार आहे का, हे विचारून घ्या. शरीरात पाणी साठले नसेल तर बहुधा सलाईनवर भागते.

ऑडिओबाय

तक्रार आल्यावर काय करावे, ते ऑडिऑलॉजीच्या बाजूने.

आधी वेळ लिहा: इंजेक्शन किती वाजता सुरू झाले, किती मिग्रॅ, किती मिनिटांत, तक्रार किती वाजता आली, एका कानात की दोन्ही. फ्युरोसेमाइडचा त्रास बहुधा दोन्ही कानांत, औषध चालू असताना किंवा संपल्यावर लगेच सुरू होतो आणि काही तासांत, फार तर दिवसभरात ओसरतो. औषध चालू असतानाच तक्रार आली तर पंप थांबवून डॉक्टरांना सांगा. पुढचा डोस कमी आणि सावकाश.

दडे बसले म्हणजे प्रत्येक वेळी आतला कानच असे नाही. नाकात रायल्स ट्यूब आहे किंवा नुकतीच श्वासनलिकेतली नळी काढली आहे, अशांच्या मधल्या कानात पाणी साचते आणि तक्रार अगदी तीच असते. ऑटोस्कोपने मळ आणि पडदा पाहावा. ५१२ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने रिने चाचणी केली की दोन मिनिटांत अंदाज येतो: हाडावर ठेवल्यावर कानाजवळ धरल्यापेक्षा मोठे ऐकू आले तर मधला कान.

एकाच कानाचे ऐकणे अचानक गेले तर लॅसिक्सच्या माथी मारून थांबू नका. तो अचानक येणारा बहिरेपणा असू शकतो आणि त्याचे स्टेरॉइड पहिल्या दोन आठवड्यांत, जितके लवकर तितके चांगले. त्याच दिवशी ईएनटी.

२४ तासांत उतरले नाही तर ऑडिओग्राम. अ‍ॅमिनोग्लायकोसाइड (अ‍ॅमिकासिनच्या गटातले प्रतिजैविक) चालू असलेल्यांचा मात्र तक्रारीची वाट न पाहता सुरुवातीच्या ७२ तासांत एक पायाभूत ऑडिओग्राम करावा, जमल्यास ८००० हर्ट्झच्या वरचाही, कारण नुकसान उंच स्वरांपासून सुरू होते आणि बोलणे ऐकू येणे बिघडेपर्यंत पेशंटच्या लक्षात येत नाही. नंतरच्या चाचणीत एका स्वराला २० डेसिबल, किंवा शेजारच्या दोन स्वरांना प्रत्येकी १० डेसिबल घसरण म्हणजे कानाला इजा, असे धरतात. मात्र मोठ्या लॅसिक्स डोसनंतर लगेच चाचणी करू नका, तात्पुरती घसरण कायमची म्हणून नोंदली जाईल. पुढच्या डोसच्या आधीची वेळ घ्या. बेशुद्ध पेशंटला ओएई (आतल्या कानातून परत येणारा प्रतिसाद मोजणे) किंवा बेरा (ऐकण्याच्या नसेचा आणि मेंदूचा प्रतिसाद मोजणे). ओएईला शांतता लागते आणि मधला कान साफ लागतो, आयसीयूत दोन्ही अवघड. म्हणून बेराच भरवशाची.

एनआयसीयूवाली

नवजात बाळांचे कुणी लिहिले नाही. कमी दिवसांच्या बाळांत फ्युरोसेमाइडचे अर्धायुष्य २४ तासांपर्यंत जाते, त्यामुळे मोठ्यांसारखे दर आठ-बारा तासांनी दिले तर आधीचे गेलेले नसताना वर नवे चढते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला दिवसाला किलोमागे १ मिग्रॅच्या वर नको. ही बाळे जेंटामायसिन किंवा अ‍ॅमिकासिनवर असतातच, आणि कान दुखतो की वाजतो हे ती सांगू शकत नाहीत. पाच दिवसांहून जास्त एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) राहिलेल्या बाळाची घरी जाण्याआधी बेरा करावी. नुसती ओएई पास झाली म्हणून सोडू नये, कारण ऐकण्याच्या नसेतला दोष ओएईत सुटतो. पहिली बेरा चांगली आली तरी पुन्हा तपासायला बोलवावे. डिस्चार्ज कार्डवर "ऐकण्याची तपासणी पुन्हा" हे तारखेसह लिहा. तारीख नसेल तर पालक येत नाहीत.

हृदयकप्पा

एक शंका. लघवीची औषधे कानाला वाईट, तर मेनिएरच्या (आतल्या कानाच्या एका आजाराच्या) चक्करेला ईएनटीवाले लघवीचीच गोळी का देतात?

शंखिका

ती गोळी बहुधा थायझाइड असते, कधी ट्रायमटेरीनसोबत. थायझाइडचा वाहक वेगळा, किडनीच्या पुढच्या भागातला. स्ट्रियाच्या एनकेसीसी१ ला ते हात लावत नाही. मेनिएरमध्ये एंडोलिंफ फुगलेला असतो, आणि शरीरातले मीठ-पाणी कमी केले तर तो उतरेल, असा विचार त्यामागे आहे. ग्लिसरॉल पाजून ऐकणे तात्पुरते सुधारते का ते पाहण्याची जुनी चाचणीही त्याच विचारातली. पुरावा मात्र कच्चा: २००६ च्या कॉक्रेन आढाव्याला या उपचारासाठी पुरेशा दर्जाची एकही चाचणी सापडली नव्हती. काहींना बरे वाटते, म्हणून देतात. सोडियम-पोटॅशियम तपासत राहावे. मेनिएरच्या पेशंटला दुसऱ्या कारणाने फ्युरोसेमाइड सुरू झाले तर ईएनटीला कळवावे, कारण ऐकण्यातली पुढची घसरण कशामुळे ते मग ओळखता येत नाही.

वॉर्डसिस्टर

शेवटचे एक. टोर्सेमाइडच्या गोळीवर घरी गेलेले पेशंट चक्कर येते म्हणून फोन करतात. हेही कानामुळे?

नेफ्रोवॉर्ड

बहुधा नाही. लूपच्या औषधांचा मारा मुख्यतः ऐकण्यावर असतो, तोल सांभाळणाऱ्या भागावर फार कमी. गोळीच्या डोसला तर त्याहून कमी. आडवे असताना बीपी घ्या, मग उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचे २० किंवा खालचे १० ने पडले तर पाणी जास्त निघून गेले आहे. वजन, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन पाहून डॉक्टर डोस कमी करतील. फोनवर एवढे विचारा: उठल्यावरच येते का, कालपासून वजन किती उतरले, जुलाब-उलट्या आहेत का. कूस बदलताना खोली फिरते किंवा सोबत ऐकू कमी येते असे म्हणाले, तर ईएनटीकडे पाठवा.